खाली बसलोच आहोत तर

साठी उलटली की जमीन हळूहळू खाली जाऊ लागते. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत याची नोंद सापडत नाही, पण आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, तो देवाशपथ सांगेल. सकाळी रक्तदाबाची गोळी बोटांतून निसटते, फरशीवर दोन उड्या मारते आणि पलंगाखालच्या अंधारात जाऊन समाधी लावते. तरुणपणी अशा वेळी माणूस वाकतो. आता वाकण्याआधी मनातल्या मनात एक समिती बसते. गोळी किती रुपयांची? पाकिटात अजून किती शिल्लक आहेत? आणि रक्तदाबाची गोळी उचलण्याच्या खटाटोपात रक्तदाब वाढणारच असेल, तर हा व्यवहार नेमका कुणाच्या फायद्याचा? रुपयाचं नाणं पडलं तर निर्णय एकमताने होतो: ते भूमातेला अर्पण. पाचाच्या नाण्यावर दोन्ही बाजूंनी चर्चा होते. दहाचं नाणं उचललं जातं, पण वर येईपर्यंत त्यातले सातआठ रुपये मजुरीतच गेले अशी रुखरुख लागून राहते. सरकार महागाईचे निरनिराळे निर्देशांक काढतं. गुडघ्यांचा निर्देशांक मात्र अजून कुणाच्या डोक्यात आलेला नाही.

तसं पाहिलं तर खाली बसण्यात विशेष काही नाही. बसताना पृथ्वी आपल्या बाजूने असते. शेवटची वीतभर तर आपण बसतच नाही, आपल्याला बसवलं जातं. प्रश्न असतो तो उठण्याचा. एकदा खाली गेलं की वरचं जग एकाएकी फार उंचावर गेल्यासारखं दिसतं. टेबलाची खालची बाजू, तिला कुणीतरी कधीकाळी चिकटवलेली टिकली, खिडकीच्या चौकटीतलं नुसतं आभाळ. इतक्या लांबून परत यायचं म्हणजे प्रवासखर्च वसूल व्हायलाच हवा. आणि इथेच उतारवयातल्या एका थोर विचारसरणीचा जन्म होतो: खाली बसलोच आहोत तर.

आमच्या घरी ही विचारसरणी पूर्ण अंमलात आहे. ही ओट्याखालच्या खणातून हिंगाची डबी काढायला म्हणून बसते. डबी मिळते. पण खाली बसलोच आहोत तर खणातला कागद बदलावा, असं तिला वाटतं. कागद काढला की खालचं पीठ दिसतं, पीठ पुसलं की मागची भांडी दिसतात, भांड्यांमागे कुणाच्या तरी बारशाला घेतलेला आणि द्यायचा राहून गेलेला चांदीचा वाळा सापडतो. ज्याचं बारसं होतं तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. मग ही वाळा मांडीवर ठेवून त्याच्या आईला फोन लावते, आणि खाली बसलोच आहोत तर सावकाश बोलते. तासाभराने खण आरशासारखा लख्ख होतो, तुटलेला संबंध जुळतो, आणि आमटी मात्र हिंगावाचूनच उकळून जाते. मीही काही कमी नाही. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला बसलो की शेजारच्या कुंडीतलं तण काढतो, मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते ते पाहतो, चपलांच्या जोड्या लावतो. भगवंताने म्हाताऱ्या माणसाचे गुडघे थोडे धरून ठेवले नसते, तर जगातल्या खालच्या कप्प्यांकडे कुणी पाहिलंच नसतं, असं अलीकडे माझं मत होत चाललं आहे.

उठण्याचा क्षण मात्र भक्तिमार्गाचा. आमच्या आजोबांना उठताना नारायण आठवे. आजी वाईजवळच्या खेड्यातली, म्हणून ती मांढरदेवच्या काळूबाईला हाक मारी. कोकणातल्या मावशी रवळनाथाला बोलावत. एरवी देवाधर्माच्या बाबतीत कोरडेठाक असलेले माझे एक मित्र पाटावरून उठताना इतक्या आर्ततेने ‘पांडुरंगा!’ म्हणतात की पंढरपुरी विटेवरचा क्षणभर दचकत असेल. मी ‘आई गं’ म्हणतो. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ती होती तेव्हा दिवसाकाठी एवढ्या वेळा तिला हाक मारली असती तर तिला किती बरं वाटलं असतं. पण तेव्हा गुडघे चांगले होते, आणि चांगल्या गुडघ्यांच्या माणसाला आई सहसा जेवायच्या वेळीच आठवते.

हे सगळं आमच्या साताऱ्याच्या कट्ट्यावरच्या गप्पांपुरतंच राहिलं असतं, पण ब्राझीलच्या एका डॉक्टरांनी त्याला शास्त्राचा दर्जा देऊन टाकला. क्लाउदिओ जिल अराउजो हे त्यांचं नाव. त्यांनी एक साधी परीक्षा काढली. अनवाणी उभं राहायचं, कशाचाही आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि तसंच उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, आणखी एक. मांडीवर तळहात ठेवून जोर घेतला तरी एक कापला. तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांची त्यांनी ही परीक्षा घेतली, पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. ज्यांना आठ किंवा त्याहून जास्त गुण पडले होते त्यांच्याशी ताडून पाहता, तीन किंवा त्याहून कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटींहून अधिक निघाला. याचा अर्थ उठाबशा काढणाऱ्याला यमराज सोडून देतो असा नाही. पायांतली ताकद, सांध्यांचा लवचीकपणा, शरीराचा तोल आणि वजन या चार गोष्टींचा हिशेब त्या एका उठण्यात होतो, एवढंच. आणि म्हातारपणी माणसाला अंथरुणाला खिळवण्यात पडण्याचा वाटा फार मोठा असल्यामुळे हा हिशेब क्षुल्लक नाही.

ही बातमी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पोहोचली ती बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांच्या मार्फत. साहेब आकड्यांचे भोक्ते. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं, आणि रात्री आठ वाजता दहा हजाराला चारशे कमी पडत असतील तर ते हातानेच श्रीखंड फेटून भरून काढतात, असं त्यांच्या घरून कळतं. दहा हजार हा आकडा कुठल्या वैद्याने सांगितलेला नाही, १९६५ साली जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला, हे त्यांना एकदा सांगून पाहिलं. अमेरिकेत उतारवयातल्या बायकांच्या पाहणीत साडेसात हजारांच्या पुढे फारसा जास्त फायदा दिसला नाही, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘असेल. पण ठेव पूर्ण रकमेची केलेली बरी.’’

तर एका गुरुवारी संघाच्या हॉलमध्ये परीक्षा ठरली. ज्यांच्या गुडघ्यांची किंवा खुब्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना डॉक्टरांची मनाई म्हणून परीक्षक नेमलं. ते खुर्च्यांवर वह्या घेऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गुडघ्यांकडे अभिमानाने पाहू लागले. सतरंज्या घातल्या गेल्या. बसण्याचा भाग झकास पार पडला, कारण पृथ्वीने सहकार्य केलं. मग उठण्याची वेळ आली. हॉलमध्ये तेहतीस कोटींपैकी बऱ्याच जणांचा नामोच्चार झाला. कुणी एका कुशीवर झालं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर पूर्वपरवानगीशिवाय हात ठेवला, कुणी गुडघ्यावर येऊन तिथेच थोडं चिंतन केलं. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या गुरुजींना साडेपाच गुण पडले. त्यांनी ताबडतोब फेरतपासणीची मागणी केली. त्यांचं म्हणणं, तोल गेला नव्हता, वाटेत नमस्कार करण्यासाठी ते किंचित झुकले होते. गुरुजींनी हयातभर मुलांचे अर्धे अर्धे गुण कापले. त्यातला एक अर्धा असा फिरून घरी येईल अशी त्यांची कल्पना नव्हती.

मला त्या दिवशी राहून राहून आजीची आठवण होत होती. तिला दहापैकी दहा पडले असते आणि आपली परीक्षा चालू आहे हे तिला कळलंही नसतं. तिचं अख्खं आयुष्य जमिनीलगत चाललं. पहाटे जात्याशी बसायची, मग चुलीपुढे, मग विळीवर. दुपारी सूप घेऊन तांदूळ निवडायला, ते झालं की गोधडीला टाके घालायला. मधल्या वेळात दारात कुणी आलं की ऊठ, गाईला पाणी दाखवायचं की ऊठ, नातवंडांपैकी कुणीतरी आडाशी गेलं की ताडकन ऊठ. व्यायाम या शब्दाशी तिचा संबंध आला तो इतकाच की आजोबा तो करायला हवा असं अधूनमधून म्हणत. तिच्या वयाचा आकडा नक्की सांगता येत नाही. ती मानमोडीच्या साथीत जन्मली, म्हणजे १९१८ च्या सुमारास. तिच्या आईला तो महिना आठवत होता तो घरातल्या कोण कोण गेलं त्यावरून. पुढे कुठल्यातरी कागदावर तिची जन्मतारीख १ जानेवारी झाली, कारण लिहिणाऱ्याला काहीतरी लिहिणं भाग होतं.

या बाबतीत आमची पिढी तरी कुठे पुढारलेली? आमच्या संघातले निम्मे सभासद १ जूनला जन्मले आहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तारीख ठोकून दिली, आणि आता दर वर्षी त्या दिवशी एवढे वाढदिवस येतात की केकपेक्षा तो कापणाऱ्यांची रांग मोठी होते. एक सभासद तर खऱ्या वयाने केव्हाच पंचाहत्तरी ओलांडून बसलेत, पण कागदावर चौऱ्याहत्तरीत अडकलेत. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट झाला; हे बिचारे अजून अर्धं तिकीट काढतात आणि मास्तरांच्या नावाने सुस्कारा सोडतात. शंभरी गाठणाऱ्यांच्या गावांविषयी वाचताना मला म्हणूनच थोडं सावध राहावंसं वाटतं. शंभरीपलीकडच्या माणसांची गर्दी जिथे दिसते तिथे पुष्कळदा जन्ममृत्यूच्या नोंदींचाच घोळ असतो, असं सॉल न्यूमन या संशोधकाने दाखवलं आणि त्याबद्दल त्याला २०२४ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. माझ्या आजीच्या कागदालाही त्यातला लहानसा वाटा मिळायला हरकत नव्हती.

तरीही जपानच्या ओकिनावा बेटांविषयी वाचताना मन मऊ होतं ते आकड्यांमुळे नाही. तिथल्या जुन्या घरांत सामान फार थोडं. म्हाताऱ्या बायका चटयांवर बसतात, तिथेच जेवतात, तिथेच गप्पा मारतात आणि दिवसभर उठबस करत परसातला भाजीपाला पाहतात. पोट ऐंशी टक्के भरलं की हात आखडता घ्यावा अशी त्यांची रीत. ओगिमी नावाच्या गावात एक शिळा आहे. ऐंशीव्या वर्षी तू अजून पोरच आहेस, आणि नव्वदीला पूर्वजांनी बोलावणं धाडलं तर शंभरीपर्यंत थांबा म्हणून सांग, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरलेला आहे. आमच्याकडे पूर्वजांना असं उलट उत्तर देण्याची प्राज्ञा कुणाची नव्हती. आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘‘बोलावलंय तर जाऊन येते, पण आधी पापड वाळायचेत.’’

एवढं वाचून कुणाला वाटेल, खुर्च्या-सोफे मोडीत काढा, विळी पुन्हा जमिनीवर आणा, म्हणजे सगळे शंभर वर्षं जगतील. तसं नाही. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या बायकांची पाहणी झाली तेव्हा त्यांच्यात गुडघ्यांची झीज अमेरिकेतल्या बायकांपेक्षा जास्त आढळली, आणि तरुणपणी तासन्‌तास उकिडवं बसण्याशी तिचा संबंध दिसला. ज्या गुडघ्यांची आम्ही थोरवी गातो त्यांतले कितीतरी रात्री तेल चोळून घेत कण्हत होते, हे आम्हा नातवंडांना झोपेमुळे ऐकू आलं नाही. आणि दुसरं असं की आमच्या घरात खुर्ची होती. एक. ती आजोबांची. आजीचे सासरे असताना त्यांची, मग आजोबांची. आजी कधी तिच्यावर बसली नाही. बसायला कुणी नको म्हटलं होतं अशातलाही भाग नाही, ते म्हणावंच लागलं नव्हतं. तिच्या मांड्यांत बळ राहिलं याचं श्रेय आपण परंपरेला देतो तेव्हा त्या परंपरेने तिला खुर्ची दिली नव्हती, हेही त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर लिहायला हवं. आजोबा तिच्याआधी बरीच वर्षं गेले. ते गेल्यावर काकांनी तिला खुर्चीवर बस म्हटलं. ती बसली, पाय लोंबकळले, आणि ‘‘इथनं काही दिसत नाही,’’ असं म्हणत पुन्हा खाली आली. खुर्चीवरून दिसत नाही असं तिला खाली काय दिसत होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गंमत अशी की याच आमच्या जिल्ह्यात जमिनीला अंग लावण्याचा एक राजमान्य प्रकारही होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांमधून ते घालायला लावत. त्यांच्या आश्रयाने औंधला पुष्कळ वर्षं राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे चित्रकार आणि वेदांचे अभ्यासक; त्यांनीही नमस्कारांचा पुरस्कार केला आणि १८६७ पासून १९६८ पर्यंत शंभरावर वर्षं मिळवली. राजाने केलं त्याला व्यायाम म्हणाले, पंडिताने केलं त्याला साधना म्हणाले, आजीने केलं त्याला सारवण म्हणाले. सूर्याला या तिघांतला फरक कळत असेल असं वाटत नाही.

आणि धोंडो केशव कर्वे. १८७५ साली सतरा वर्षांचा हा मुलगा परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत आला, आणि इथल्या परीक्षा समितीने त्याला परत पाठवलं. कारण तो सतरा वर्षांचा दिसत नव्हता! या माणसाला पुढे १०४ वर्षांचं आयुष्य मिळालं. जणू त्या दिवशी नाकारलेलं वय नियतीने व्याजासकट परत केलं. हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजपर्यंत चिखल तुडवत ते शिकवायला जात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेव्हा आम्ही संघाची वर्गणी कमी करण्याचा अर्ज लिहितो, त्यांनी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवी संस्था सुरू केली. १९५८ साली भारतरत्न मिळालं आणि त्याच वर्षी ते हयात असताना त्यांचं टपाल तिकीटही निघालं. दीर्घायुष्याचं गुपित विचारणारे लोक अशा माणसांना ताकाविषयी आणि झोपेविषयी विचारतात. मला वाटतं, कर्व्यांचं काम संपलेलंच नव्हतं. खाली बसलोच आहोत तर, या आमच्या घरगुती तत्त्वाचं ते भव्य रूप: इथे आलोच आहोत तर हेही करून जाऊ.

हे तत्त्व आजीच्या घरात माणसांपुरतं नव्हतं, लुगड्यालाही लागू होतं. नऊवारी लुगडं आधी सणाचं असे, मग रोजचं. विरलं की मधून फाडून, कडा जोडून पुन्हा नेसलं जाई. तेही सोसेना झालं की गोधडीच्या पोटात जाई, आणि उरलेल्या मऊ भागाची बाळाची दुपटी होत, कारण नव्या कापडाला बाळाच्या अंगाशी कसं बोलावं ते कळत नाही. दुपट्याचं हातपुसणं, हातपुसण्याचं पोतेरं. लुगड्याला निवृत्ती ठाऊक नव्हती. त्याची फक्त बदली होई, आणि प्रत्येक बदलीत त्याच्यावरचं काम अधिक जवळचं, अधिक अंगालगतचं होत जाई. पर्यावरणाविषयी आजीने एकही भाषण ऐकलं नव्हतं. तिच्या घरातून रोज बाहेर पडणारा कचरा ओंजळीत मावे, आणि तोही बहुतेक कोंबड्या वाटेत अडवत. आता नातवंडं मला कापडी पिशवीचं महत्त्व समजावून सांगतात. मी गंभीरपणे ऐकतो. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेल्या पिशव्या, सुतळ्या, रिकाम्या बाटल्या यांच्याकडे ती कालपर्यंत म्हाताऱ्याचा चक्रमपणा म्हणून पाहत होती. आता त्याला शाश्वत जीवनशैली म्हणतात. थोडं जास्त जगलं की माणसाचे दोष असे आपोआप गुणांत जमा होतात, हाही दीर्घायुष्याचा एक लाभ.

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण होतं. आम्ही जमेल तसे तिथे जातो. आळंदीपासून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, आणि ती चालणाऱ्यांत आमच्या वयाची माणसं ढिगाने असतात. त्यांच्या पायांपेक्षा मला त्यांच्या वाकण्याचं नवल वाटतं. भेटला की वाकायचं. समोरचा विशीतला असो, आपण सत्तरीत असू. तो आपल्या पाया पडतो, आपण त्याच्या. दोघंही एकाच वेळी वाकल्यामुळे डोकी आपटतात आणि दोघंही ‘माउली’ म्हणून हसतात. रस्त्याकडेला बसायचं, भाकर खायची, टाळ वाजला की उठायचं. आणि उठताना कुणाचा हात कुणाच्या हातात जातो ते पाहायला कुणी थांबत नाही. गेल्या वारीत नव्वदीला टेकलेल्या एका आजीबाईंनी मला हात दिला. मी त्यांना द्यायला पुढे झालो होतो. पण वर आलो तो मीच.

ब्राझीलच्या डॉक्टरांच्या परीक्षेत याला शून्य गुण. परीक्षा चूक नाही. एकट्याच्या पायांत किती बळ आहे तेच तिला मोजायचं आहे, आणि ते मोजायलाच हवं. आम्हीही आता रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करतो, पलंगाला धरून एका पायावर उभे राहतो, आणि साहेब त्याची नोंद ठेवतात. पण दहाच्या दहा गुण मिळवून एकटंच उठलेलं माणूस त्या रिकाम्या हॉलमध्ये मग करणार काय, हा प्रश्न काही मला सोडत नाही. टेकलेला हात जमिनीवर होता की कुणाच्या हातात होता, याचा रकाना त्या कोष्टकात नाही.

संघाने मात्र स्वतःपुरता तो भरून घेतला. परीक्षेनंतर झालेल्या सभेत दर गुरुवारी भारतीय बैठक घ्यायची असं ठरलं. ज्यांना मनाई आहे त्यांनी खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर. शेंगदाणे सोलायचे, चिंचा फोडायच्या, कुणाची गोधडी असेल तर तिला चार टाके घालायचे. खाली बसलोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला? नियमावली लिहिण्याचं काम अर्थातच गुरुजींकडे गेलं. त्यांनी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात पुष्कळ कलमं लिहिली: चपला कुठे काढाव्यात, आजारपणाची चर्चा किती मिनिटांत आटपावी, परदेशातल्या मुलांचे फोटो किती दाखवावेत. यांतलं एकही कलम आजवर कुणी पाळलेलं नाही. पाळलं जातं ते फक्त शेवटचं. ते वाचून दाखवताना मास्तरकीचा आवाज त्यांच्या नकळत थोडा खाली आला होता, आणि साहेबांनीही त्यावर एकही उपसूचना मांडली नाही. त्यात एवढंच लिहिलं आहे की जो आधी उठेल त्याने सगळे उठेपर्यंत घरी जाऊ नये.